उत्क्रांतिवाद आणि एका घराची कथा

डार्विनचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें प्रथम माकड उभें राहतें, आणि माकडाच्या पाठोपाठ ऑक्सफर्डचा तो सुप्रसिद्ध वाद. १८६० च्या जून महिन्याच्या ३० व्या तारखेस भरलेल्या सभेंत बिशप विल्बरफोर्स यांनीं प्राध्यापक हक्स्ले यांस त्यांच्या आजाआजींच्या वानरकुलाविषयीं खोंचक प्रश्न विचारला, आणि हक्स्ले यांनीं भरसभेंत त्यांस निरुत्तर केलें, ही गोष्ट आम्हीं सर्वांनीं केव्हां ना केव्हां ऐकलेली असते. वास्तविक त्या सभेचा शब्दशः वृत्तांत कोणीं टिपून ठेवला नव्हता. जीं वाक्यें पुस्तकांतून छापलीं जातात तीं बहुतेक मागाहून आठवणीनें लिहिलेलीं आहेत. परंतु गोष्ट मोठी सोयीची आहे. एका बाजूस धर्म, दुसऱ्या बाजूस शास्त्र, मध्यें आखाडा, आणि शेवटीं एकाची पाठ मातीस लागलेली. कुस्ती पाहून प्रेक्षक समाधानानें घरीं जातात.

आम्हांला मात्र नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, श्रद्धेचा निकाल सभागृहांत लागत नसतो. श्रद्धा घरांत राहते. जेवणाच्या मेजावर, आजाऱ्याच्या उशाशीं, मुलांना निजवितांना सांगितलेल्या गोष्टींत ती वास करिते. आणि एखादें नवें मत जेव्हां खरोखर समाजांत शिरतें, तेव्हां त्याची पहिली झळ लागते ती घरालाच. म्हणून बिशप व प्राध्यापक यांस सभेंत सोडून आम्ही वाचकांना डेव्हनशायरच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका घरांत घेऊन जाणार आहोंत.

तें घर फिलिप हेन्री गॉस यांचें. यांचा जन्म १८१० चा. सृष्टिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचें नांव त्या काळीं इंग्लंडांत घरोघर पोंचलें होतें. जमैका बेटांतील पक्षी, डेव्हन किनाऱ्यावरील खडकांच्या खळग्यांत राहणारे बारीक जलचर, समुद्रपुष्पें, शिंपले हे त्यांचे विषय. जें पाहावयाचें तें स्वतः गुडघाभर पाण्यांत उभें राहून पाहावयाचें, त्याचें चित्र स्वतःच काढावयाचें, आणि मग सामान्य वाचकास कळेल अशा भाषेंत लिहावयाचें, ही त्यांची पद्धति. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जें पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें त्याच्या सिद्धतेंत त्यांचा मोठा हात होता. आणि पुढें इंग्रज मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोल्यांतून कांचेच्या पेट्यांत समुद्र भरून ठेवण्याचें जें वेड माजलें तें बव्हंशीं त्यांच्याच पुस्तकांनीं लाविलें. १८५६ मध्यें रॉयल सोसायटीनें त्यांस आपल्या सभासदांत घेतलें.

हेच गॉस प्लिमथ बंधु नांवाच्या अत्यंत कडक ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. बायबलांतील अक्षर न् अक्षर ईश्वरोक्त, त्यास रूपकाचा किंवा लाक्षणिक अर्थाचा स्पर्श नको, ही त्यांची धारणा. ख्रिस्ताचें पुनरागमन आज होईल, उद्यां होईल, निदान आपणांस मरण येण्यापूर्वीं तरी खास होईल, अशा अपेक्षेंत हा मनुष्य दररोज सूक्ष्मदर्शकापाशीं बसत असे. पत्नी एमिली हीहि तशीच निष्ठावंत. धर्मपर पत्रकें लिहून वांटणारी, आणि कल्पित गोष्ट सांगणें हें असत्य भाषणच होय असें मानणारी. त्यामुळें १८४९ सालीं जन्मलेला त्यांचा एकुलता एक मुलगा एडमंड याच्या लहानपणीं त्या घरांत राजाराणीची गोष्ट म्हणून कधीं झालीच नाहीं. चिऊकाऊच्या गोष्टींवर वाढलेल्या आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबून या शैशवाची कल्पना करावी.

आतां अडचण कोठें होती तें पाहूं. सतराव्या शतकांत आर्चबिशप अशर यांनीं बायबलांतील वंशावळींवरून हिशेब करून जगाची उत्पत्ति ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षीं झाली असें ठरविलें, आणि तो आंकडा पुढें इंग्रजी बायबलांच्या समासांत छापला जाऊं लागला. समासांतील टीप कालांतरानें मूळ ग्रंथाइतकीच पवित्र होऊन बसते, हें टीकाग्रंथांच्या आपल्या देशांत कोणास सांगावयास नको. इकडे १८३० ते १८३३ या वर्षांत चार्ल्स लायल यांच्या भूगर्भशास्त्रावरील ग्रंथाचे तीन खंड निघाले, आणि खडकांचे थर, त्यांत दडलेले शंखशिंपले, नष्ट झालेल्या प्राण्यांचे सांगाडे यांच्या साक्षीनें पृथ्वीचें वय हजारांत नव्हे, तर कल्पनेसहि न पेलणाऱ्या संख्येंत मोजावें लागेल, असें दिसूं लागलें. १८४४ मध्यें निघालेल्या एका निनांवी पुस्तकानें तर प्राण्यांच्या जाती एकींतून दुसरी अशा निघाल्या असाव्यात, ही गोष्ट दिवाणखान्यांतील गप्पांचा विषय करून सोडली. गॉस हे अडाणी नव्हते. खडकांतील साक्ष त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली होती. ती खोटी म्हणण्याची सोय नव्हती. आणि बायबल खोटें म्हणणें तर त्यांच्या स्वप्नांतहि नव्हतें.

१८५७ हें वर्ष त्या घरास मोठें कठीण गेलें. फेब्रुवारींत एमिली कर्करोगानें वारली. मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. त्याच वर्षीं, पुढें एडमंडनें लिहिलें आहे त्याप्रमाणें, डार्विन व त्यांचे मित्र हूकर यांनीं गॉस यांच्याशीं प्राणिजातींच्या परिवर्तनाविषयीं बोलणें काढलें होतें. मोठा सिद्धांत बाहेर पडण्यापूर्वीं भरंवशाच्या निरीक्षकांचा कल अजमावून पाहावा, असा त्यांतील हेतु. म्हणजे पत्नीच्या मरणाचें दुःख ताजें असतांनाच या मनुष्यास कळून चुकलें कीं, ज्या सृष्टीचें गुणगान आपण आजवर ईश्वराचें स्तोत्र म्हणून गाइलें, तीच सृष्टि आतां ईश्वराविरुद्ध साक्षीस उभी केली जाणार. ते लिहावयास बसले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचें पुस्तक निघालें. त्याचें नांव 'ऑम्फॅलॉस', म्हणजे ग्रीक भाषेंत नाभि.

नाभि कोणाची? आदिपुरुष आदामाची. आदाम आईच्या पोटीं जन्मला नाहीं. मग त्यास बेंबी होती कीं नव्हती? गॉस म्हणतात, होती. कारण ईश्वरानें पूर्ण मनुष्य निर्माण केला, आणि बेंबीवांचून मनुष्य पूर्ण नव्हे. जीवसृष्टि ही चक्राकार आहे: बीजांतून झाड, झाडांतून बीज. या चक्रांत ईश्वरानें कोठेंहि प्रवेश केला तरी मागील फेऱ्याची खूण तेथें असणारच. निर्मितीच्या पहिल्या दिवशीं जो वृक्ष उभा राहिला त्याचें खोड कापलें असतें तर आंत वर्षावर्षांचीं वलयें दिसलीं असतीं, जरी तीं वर्षें कधीं गेलींच नव्हतीं. त्याचप्रमाणें पृथ्वीहि तिच्या भूतकाळासह, तिच्या थरांसह, तिच्या पोटांतील सांगाड्यांसह एकाच क्षणीं निर्माण झाली. खडक खरे, सांगाडे खरे. घडला नाहीं तो फक्त मधला काळ.

हा युक्तिवाद ऐकून हंसूं येतें खरें. पण वाचकांनीं तो खोडून पाहावा. खोडतां येत नाहीं. जग काल संध्याकाळीं आपल्या सर्वांच्या आठवणींसह निर्माण झालें असें कोणीं म्हटलें तर त्यास कोणता पुरावा दाखवावा? जो पुरावा दाखवावा तोहि कालच निर्माण झालेला! आमच्या मतें ज्या सिद्धांतास कोणताच पुरावा बाधत नाहीं त्यास कोणता पुरावा साधकहि होत नाहीं, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा दोष होय. गॉस यांना मात्र वाटलें होतें कीं, शास्त्र व श्रद्धा यांमधील गांठ आपण सोडविली. दोन्ही पक्ष आपले आभार मानतील. शास्त्रज्ञांनीं पुस्तक बाजूस सारलें, धार्मिकांनीं पाठ फिरविली, आणि प्रती पडून राहिल्या.

सर्वांत जिव्हारीं लागलें तें चार्ल्स किंग्स्ले यांचें पत्र. किंग्स्ले हे धर्मोपदेशक, कादंबरीकार, आणि गॉस यांचे समुद्रकिनाऱ्यावरील संशोधनांतले स्नेही. पुस्तकावर अभिप्राय लिहिण्याची विनंति त्यांनीं नाकारली आणि कारण स्पष्ट कळविलें: ईश्वरानें खडकांवर एवढें प्रचंड आणि निष्कारण असत्य लिहून ठेवलें, हें मानण्यास आपलें मन धजत नाहीं. ज्या पुस्तकानें शंका मिटावयाच्या त्यानेंच आपल्या मनांत प्रथम शंका उत्पन्न केली, असाहि त्या पत्राचा आशय होता. आणि गंमत अशी कीं, पुढें दोनच वर्षांनीं, १८५९ च्या नोव्हेंबरांत, डार्विन यांनीं आपल्या ग्रंथाची प्रत याच किंग्स्ले यांस आगाऊ पाठविली, तेव्हां त्यांनीं तिचें मनापासून स्वागत केलें. स्वतः विकसित होऊं शकतील असे जीव निर्माण करणारा ईश्वर, पदोपदीं डागडुजी करीत बसणाऱ्या ईश्वरापेक्षां थोर मानावयास काय हरकत आहे, असें त्यांचें म्हणणें. डार्विन यांनीं १८६० च्या जानेवारींतील दुसऱ्या आवृत्तींत हें मत लेखकाचें नांव न देतां अंतर्भूत केलें. बायबलाच्या रक्षणार्थ लिहिलेलें पुस्तक एका धर्मगुरूनें परत लोटलें, आणि ज्यास सगळे बायबलाचें शत्रु समजले त्यास त्यानेंच आशीर्वाद दिला! कुस्तीच्या गोष्टींत हें कोठें बसवावयाचें?

आतां मुलाकडे वळूं. आई गेलेली, बाप खचलेला, आणि घर डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथें हलविलेलें. त्या वर्षींच्या नाताळांत मोलकरणींनीं चोरून थोडा गोड पुडिंग केला व आईवेगळ्या पोराची कींव येऊन त्यास एक तुकडा दिला. नाताळ हा सण बायबलांत नाहीं, म्हणून गॉस यांच्या मतें ती मूर्तिपूजाच. पोराच्या पोटांत दुखूं लागलें, मनहि खाऊं लागलें, आणि त्यानें बापापाशीं कबुली दिली. बापानें उरलेला पदार्थ उचलला आणि उकिरड्यावर नेऊन टाकिला. याहून आम्हांस अधिक बोलकी वाटते ती त्याआधींची एक हकीकत. लांकडाच्या किंवा दगडाच्या वस्तूची पूजा केली तर ईश्वर कोपतो, हें बापानें शिकविलें होतें. सहासात वर्षांच्या एडमंडनें एके दिवशीं घरीं कोणी नाहीं असें पाहून खुर्ची टेबलावर ठेविली, तिच्यापुढें गुडघे टेकले, आणि नेहमींची प्रार्थना देवाऐवजीं खुर्चीस उद्देशून म्हटली. मग तो वाट पाहत बसला. आभाळ कोसळलें नाहीं. वीज पडली नाहीं. खुर्ची जागच्या जागीं होती. देव नाहीं, असें पोरानें त्यावरून ठरविलें नाहीं. पण बापास देवाच्या मनांतलें सगळें ठाऊक असतें, हा विश्वास त्या दुपारीं ढळला. प्रयोग करून पाहण्याचें हें शिक्षण त्यास कोणीं दिलें? ज्या बापानें त्यास सूक्ष्मदर्शकांतून पाहावयास शिकविलें त्यानेंच.

१८६७ मध्यें एडमंड नोकरीसाठीं लंडनला गेला. बापाचीं पत्रें येत: प्रार्थना चालू आहे ना, श्रद्धा दृढ आहे ना? उत्तरें लांबत गेलीं, आंखूड होत गेलीं. बाप १८८८ त वारला. ज्या घरांत गोष्टींस बंदी होती त्या घरांतील मुलगा कवि झाला, टीकाकार झाला, इब्सेनची ओळख इंग्रज वाचकांस करून देणाऱ्यांत अग्रणी झाला. आपल्याकडे हें नांव अगदींच अपरिचित नाहीं. तरू दत्त यांच्या कवितेस प्रस्तावना लिहिणारे आणि तरुण सरोजिनी नायडू यांस इंग्रजी कोकिळेची नक्कल सोडून आपल्या देशाचें गाणें गा, असा सल्ला देणारे एडमंड गॉस ते हेच.

त्यांनीं १९०७ सालीं, प्रथम आपलें नांव न घालतां, 'फादर अँड सन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. इंग्रजी आत्मचरित्राच्या इतिहासांत त्यास मोठें स्थान आहे. त्यांत बापाची निंदा नाहीं, हें विशेष. दोन स्वभाव, दोन युगें एका छपराखालीं कशीं राहिलीं व कशीं दुरावलीं याचें तें निवेदन आहे. अर्थात् मुलाची साक्ष म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. ॲन थ्वेट यांनीं २००२ मध्यें थोरल्या गॉसचें जें चरित्र लिहिलें त्यांत दिसणारा बाप पुष्कळच आनंदी आणि प्रेमळ आहे, आणि एडमंड यांची स्मृति अनेक ठिकाणीं त्यांस सोयीची तेवढीच चालली, असेंहि त्यावरून दिसतें. आम्हांस दोन्ही चित्रें खरीं वाटतात. बापाचें प्रेम खरें होतें म्हणूनच तर ताटातूट इतकी जड गेली.

उत्क्रांतीच्या कल्पनेनें इंग्रजी साहित्यावर जी छाया टाकिली तिचा आरंभ डार्विनच्याहि आधींचा आहे. टेनिसन यांचा मित्र हॅलम १८३३ त वारला. त्याच्या शोकांत वर्षानुवर्षें लिहिलेलें व १८५० सालीं प्रसिद्ध झालेलें काव्य वाचतांना, कवीनें मधल्या काळांत लायल वाचला होता, हें जागोजाग जाणवतें. निसर्ग व्यक्तीचीच नव्हे तर जातीचीहि पर्वा करीत नाहीं, मग माझ्या एका मित्राची काय कथा, ही त्यांतील व्यथा. हार्डी यांच्या १८७३ मधील एका कादंबरींत नायक समुद्रावरील कड्याला लोंबकळत असतां त्याच्या डोळ्यांसमोर खडकांत एक ट्रायलोबाइट येतो. लक्षावधि वर्षांपूर्वीं मेलेल्या त्या क्षुद्र जीवाचे दगडी डोळे आणि मरणोन्मुख मनुष्याचे डोळे समोरासमोर. बिशपांचीं शंभर व्याख्यानें व प्राध्यापकांचीं शंभर उत्तरें यांत जें सांगतां येणार नाहीं तें या एका दृश्यांत आहे. हक्स्ले यांचे विद्यार्थी वेल्स यांनीं तर १८९५ मध्यें काळयंत्राच्या कथेंत दाखवून दिलें कीं, उत्क्रांति म्हणजे उन्नति असें कोणीं समजूं नये. श्रीमंत व श्रमजीवी असे दोन वर्ग दुरावत गेले तर त्यांच्या दोन जाती होतील, आणि एक दुसरीस खाईल.

येथें आमच्या भाषेविषयीं एक तक्रार नोंदवून ठेवितों. 'उत्क्रांति' हा शब्द आपण घेतला खरा, पण तो थोडा फसवा आहे. जुन्या वेदान्तग्रंथांत उत्क्रांति म्हणजे जीवाचें देहांतून बाहेर निघणें. नव्या अर्थानें तो योजतांना त्यांतील 'उत्' आपणांस वर वर नेऊं लागला: पायरीवर पायरी, खालच्यावर वरचा. डार्विन यांच्या सिद्धांतांत असा जिना मुळींच नाहीं. परिस्थितीस जो जुळला तो टिकला, एवढेंच. तो श्रेष्ठ असलाच पाहिजे असें नव्हे. हा जिना बांधला तो मुख्यतः हर्बर्ट स्पेन्सर यांनीं. 'योग्यतमाचा टिकाव' हे शब्द त्यांचे, १८६४ चे. डार्विन यांनीं ते आपल्या ग्रंथांत १८६९ च्या आवृत्तींत घेतले. आणि मग जो श्रीमंत तो योग्य, जो राज्यकर्ता तो योग्य, असें म्हणण्यास कितीसा वेळ? डार्विन यांचेच आप्त गॉल्टन यांनीं १८८३ मध्यें सुप्रजाशास्त्रास नांव दिलें. १९०७ त अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें कायद्यानें माणसांस निर्बीज करण्यास आरंभ केला, १९२७ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा कायद्यास मान्यता दिली, आणि १९३३ त जर्मनींत तसाच कायदा झाल्यावर पुढें काय झालें तें सर्वांस विदित आहे. प्राणी परस्परसाहाय्यानेंहि टिकतात, असें क्रोपॉटकिन १९०२ मध्येंच पुराव्यानिशीं सांगत होते. पण त्यांचें म्हणणें सत्ताधाऱ्यांच्या सोयीचें नव्हतें.

आपल्याकडे हा वाद कां पेटला नाहीं, असें आम्हांस कोणी विचारतात. उत्तर सोपें वाटतें: आम्हांस ४००४ ची अडचण नव्हती. युगें, मन्वंतरें, कल्प यांच्या मोजणींत वाढलेल्या माणसास भूगर्भशास्त्राच्या संख्या काय भिवविणार? गंडकीच्या पात्रांतील शाळिग्राम हा वस्तुतः एका लुप्त सागरी प्राण्याचा अवशेष. गॉसच्या घरांत जो दगड देवाच्या मुळावर आला, तो आमच्या देव्हाऱ्यांत देव होऊन तुळशीपत्र घेत बसला आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम दाखवून, डार्विन आमच्या पुराणांतच होता, असें म्हणणारेहि थोडे झाले नाहींत. हें समाधान आम्हांस पटत नाहीं. अवतारांत उतरणारा कोणी आहे व उतरण्यास प्रयोजन आहे. डार्विनच्या निवडींत दोन्ही नाहींत. जें मत गिळतांना घशाशीं कांहींच अडकलें नाहीं, तें आपण चावलें होतें कीं नाहीं याची शंका घ्यावी.

ज्यांनीं चावलें त्यांस त्रासहि झाला. आगरकरांनीं स्पेन्सर नुसता वाचला नाहीं. देवतांची कल्पना मनुष्याच्या मनांत कशी उत्पन्न झाली, रूढि कशा वाढतात व कां मरत नाहींत, हे प्रश्न त्यांनीं १८८८ पासून 'सुधारका'च्या स्तंभांतून पुणेकरांच्या घरांत नेऊन टाकिले. पुणेकरांनीं जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढिली. १८९५ त, चाळिशी गांठण्यापूर्वींच, ते गेले. याच स्पेन्सरचें दहन १९०३ सालीं लंडनला झालें तेव्हां मुंबईंत शिकलेले श्यामजी कृष्णवर्मा तेथें उभे होते, आणि त्यांच्या नांवें ऑक्सफर्डांत व्याख्यानमाला सुरू करण्यासाठीं त्यांनीं एक हजार पौंड जाहीर केले. ज्याच्या तत्त्वांतून साम्राज्याचें समर्थन निघे, त्याच्याच पुस्तकांतून एकास रूढिभंजनाचें व दुसऱ्यास राज्यक्रांतीचें बळ मिळालें. ग्रंथ कोणत्या घरांत जाऊन काय करील हें ग्रंथकारास कधींच सांगतां येत नाहीं.

पुनः एकदां सेंट मेरीचर्चला जाऊं. नाभीच्या पुस्तकाचा बोजवारा उडाल्यानंतर थोरले गॉस कडवट होऊन बसले असतील अशी आमची समजूत होती. परंतु त्यांनीं एक कांचघर बांधून त्यांत उष्ण देशांतील ऑर्किडें लाविलीं. १८६२ त डार्विन यांचें ऑर्किडांच्या परागधारणेवरील पुस्तक निघालें, आणि पुढल्या वर्षीं उन्हाळ्याच्या तोंडास डार्विन यांच्या घरीं डेव्हनहून एक पत्र आलें. आपल्या येथें एक ऑर्किड फुललें आहे, त्यावर परागांचा प्रयोग करून पाहतों आहें, त्याविषयीं कांहीं विचारावयाचें आहे, अशा अर्थाचें. पत्राखालीं सही फिलिप हेन्री गॉस यांची होती. डार्विन यांनीं त्या फुलाविषयीं उत्तर पाठविलें.